चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

दोन देशांची तुलना करायची म्हटलं की आपण आधी पैसा बघतो. तिथं पगार किती, रस्ते कसे, दारात गाडी आहे का. आज आम्ही शेजारच्या बांगलादेशाशी आपली तुलना करणार आहोत, पण प्रश्न वेगळा विचारणार आहोत. जन्मलेलं बाळ पाच वर्षांचं होईल, याची खात्री कुठं जास्त?

१९९० साली उत्तर होतं, भारतात. पुढची वीस वर्षं आपलं दरडोई उत्पन्न त्यांच्यापेक्षा भराभर वाढलं. तरी २०११ च्या सुमारास उत्तर उलटलं होतं. बालमृत्यू तिथं कमी, सरासरी आयुष्यही तिथं जास्त. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी २०१३ च्या पुस्तकात हे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटेनात.

कारणं अनेक आहेत. आम्ही एकच सांगतो, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे.

१९७१ चं युद्ध. आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल, पत्रावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. त्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्या आत आलं. हे घडलं आपल्या पश्चिम बंगालमध्ये. पण ते घरोघर नेलं बांगलादेशानं.

तिथल्या ब्रॅक या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं खेड्यापाड्यांत बायका पाठवल्या. या बायका दारात बसून आईला शिकवायच्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईकडूनच करून घ्यायच्या. आणि खरी गंमत पुढं आहे. महिन्याभरानं दुसरंच माणूस येऊन काही घरांत विचारायचं, काय आठवतं? आईला जेवढं आठवेल, त्यावर शिकवणारीचा पगार! किती घरं फिरली, किती सह्या घेतल्या, याला मोल नाही. आपल्याकडच्या किती योजनांचा हिशेब असा होतो, ते तुम्हीच सांगा. पुढं त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याला पटल्याशिवाय घरात पाणी कालवलं जात नाही. मग बाजारात, मशिदीत पुरुषांनाही सांगू लागले. असं करत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.

आपल्याकडे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला ओआरएस मिळालं होतं. २०१९-२१ मध्ये दहांपैकी सहांना. म्हणजे अंतर आपण बरंच कापलं. शौचालयांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत आपली जवळपास निम्मी घरं उघड्यावर जात होती, तिथं दहांत जेमतेम एक.

म्हणून तिथल्या बाईचं सगळं बरं चाललंय असं मात्र नाही. तिथं निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, आपल्याकडे चौथ्या हिश्श्याहून थोड्या कमी. २०१३ साली ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बाया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही त्यांना कामावर बोलावलं होतं.

आता पावसाळा तोंडावर आहे. गूळ-मिठाचं माप चुकू शकतं, म्हणून आज पाकीटच वापरा. आशाताईंकडे ते मिळतं, सोबत चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्याही मागून घ्या. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामं करायचं. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात, असं नको. छोटी पाकिटंही येतात, तेव्हा वरचं माप वाचा. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाळ सुस्त पडलं, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या भागात आम्ही फोन लावून विचारणार आहोत, एका पाकिटाला पाणी किती? नवऱ्यालाही विचारू.