पिशवी नाकारणारा नोकर



२६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारे प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली, हे आम्ही कामगार विसरलो नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अशा पिशव्यांवर बंदी घातली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,०००. तिसऱ्यास २५,००० आणि तीन महिने कैद.

परंतु "पिशवी मिळणार नाही" हे गिऱ्हाइकास रोज सांगतो कोण? काउंटरवरचा नोकर. गिऱ्हाईक चिडले, तर बोलणी त्याने खावयाची; विक्री घटली, तर कमिशन त्याचे बुडावयाचे. मग तो खालून पिशवी काढून देतो आणि कायदा तेथेच मोडतो.

म्हणून दुकानदारांपाशी आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पर्यावरण राखण्याचे काम नोकरास कामाच्या वेळेतच शिकवा. पिशवीपायी गेलेली विक्री त्याच्या नावावर मांडू नका. दुकानाचा दंड त्याच्या पगारातून कापू नका. नोकर निर्धास्त असेल, तरच तो नियम पाळील.

आणि नागरिकहो, पिशवी नाकारणाऱ्या नोकरावर रागावू नका. बाजारास निघताना खुंटीवरची कापडी पिशवी तेवढी बरोबर घ्या.