सुरी लावण्यापूर्वी

गावोगावची ऑपरेशनं पुढे ढकलून आलेल्या सर्जन मंडळींनो,

मिरजेत डॉक्टरांचं स्वागत करायचं म्हणजे पंढरपुरात वारकऱ्याला वाट दाखवायची. तरी स्वागत समितीच्या वतीनं ते करतोय.

मी डॉक्टर नाही. औषधांचा घाऊक व्यापारी आहे. लिग्नोकेनचे खोके माझ्या गोदामातून रोज जातात. टाके घालताना भूल द्यायचं जुनं, स्वस्त औषध, एवढीच त्याची ओळख मला होती. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं काम वाचलं आणि त्या खोक्याकडे पुन्हा पाहिलं.

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनच्या त्या तासाभरात जे घडतं त्याचे परिणाम पुढं वर्षानुवर्षं राहतात का, हा प्रश्न त्यांनी लंडनच्या गायज् हॉस्पिटलपासून धरून ठेवला. मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यात ऑपरेशन झालं, यावर त्यांचा निबंध १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढं मुंबईत ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन देऊन पाहिलं. एकूण रुग्णांत ठोस फरक दिसला नाही, तेही त्यांनी तसंच छापलं. प्रश्न मात्र सोडला नाही.

मग लिग्नोकेन. गाठीच्या चहूबाजूंनी अर्ध्या टक्क्याचं द्रावण टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मगच सुरी. पेशींच्या पडद्यावरचे सोडियमचे मार्ग त्यानं बंद होतात, त्यामुळे गाठ हाताळताना पेशी पसरायला अटकाव होत असावा, असा तर्क. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांवर ही चाचणी झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च म्हणाल तर रुग्णामागं शंभरेक रुपये!

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. महागड्या औषधाचे एमआर तुमच्या केबिनबाहेर बॅग घेऊन उभे असतात. पेटंट कधीच संपलेल्या औषधाची बाजू मांडायला कोण येणार? ज्यात नफा नाही, त्याची चाचणी सार्वजनिक रुग्णालयानंच करायची असते. हे मी व्यापारी असून बोलतोय, आमच्या संघटनेला कळवू नका.

आणखी एक. रोग आधीच शरीरभर पसरला असेल तर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का, हेही बडवे यांच्याच गटानं ३५० बायकांवर तपासलं. उत्तर २०१५ मध्ये छापून आलं: नाही वाढत. जिचं आयुष्य वाढणार नाही तिला ऑपरेशनच्या यातना का द्यायच्या, हे सर्जननंच आकडे मांडून विचारलं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

तेव्हा दुपारच्या चर्चेत एवढं जरूर बोला: तालुक्याच्या थिएटरात ही सात-दहा मिनिटं थांबायला अडचण कसली आहे? पुरवठ्याची असेल तर मी इथंच बसलोय. जेवण मागच्या मांडवात एक वाजता. जयसिंगपूरचं भडंग चहाबरोबर ठेवलंय.