अडलेल्या बाळंतिणीचा हक्क



गरीब स्त्रीच्या काही दुखण्यांची नोंद मृत्यूच्या आकड्यांत होत नाही, कारण ती जिवंत राहते. प्रसूतिजन्य फिस्टुला हे असेच दुखणे आहे. बाळंतीण दोन-दोन, तीन-तीन दिवस अडते. बाळाचे डोके आईच्या कटीच्या हाडांवर दाबून राहते. मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. काही दिवसांत मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते आणि लघवी अहोरात्र गळू लागते. मूल बहुधा मृतच जन्मलेले असते. अनेकींना पुढे नवरा टाकतो, शेजार दुरावतो.

श्रीमंत देशांतून हे दुखणे जवळजवळ नाहीसे झाले, ते वेळेवर सिझेरियन करणारी रुग्णालये तेथे उभी राहिली म्हणून. फिस्टुला बुजवण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स यांनी हे तंत्र साधले, ते अनार्का, बेट्सी, लूसी अशा गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हापुन्हा शस्त्रे चालवून. ज्यांच्या वेदनेतून हे ज्ञान निघाले त्यांच्या पूर्वजांच्या आफ्रिकेतच आज लाखो स्त्रिया त्या ज्ञानाच्या लाभाविना जगत आहेत.

इथिओपियाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. कॅथरिन व रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये अदिस अबाबाला आले आणि १९७४ मध्ये त्यांनी केवळ फिस्टुलासाठी रुग्णालय उभारले. उपचार विनामूल्य. पुढे बहिरदार, मेकेले, यिरगालेम, हरार व मेटू येथे शाखा निघाल्या. साठ हजारांहून अधिक स्त्रियांवर उपचार झाले. मामितू गाशे ही निरक्षर शेतकरी स्त्री तेथे रुग्ण म्हणून आली, डॉक्टरांशेजारी उभी राहून शस्त्रक्रिया शिकली आणि पुढे डॉक्टरांनाच शिकवू लागली.

परंतु दात्यांच्या औदार्यावर एक उत्तम रुग्णालय चालते. साऱ्या देशाची व्यवस्था चालत नाही. जिल्ह्याजिल्ह्यातील सरकारी रुग्णालये सुसज्ज झाली पाहिजेत. त्यासाठी लागणारी सामग्री अद्भुत नाही: डोक्याकडून खाली कलणारे टेबल, भरवशाचा उजेड, पाठीच्या कण्यात देण्याची भूल, बारीक टाक्यांचे साहित्य, लघवीच्या नळ्या, मुबलक पाणी आणि धुतलेल्या चादरी. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे नळी तुंबू न देणारी परिचारिका नसेल, तर सर्जनचे सारे कौशल्य वाया जाते. छिद्र लहान व ताजे असेल तर कित्येकदा केवळ नळी ठेवूनही ते भरून येते. म्हणून ते लवकर ओळखणारी सुईण हीदेखील मोठी सामग्रीच होय.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पहिली शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. ती फसली की पुढचे प्रयत्न अवघड होत जातात. तेव्हा उपकरणांची पेटी पाठवून, फीत कापून, अर्धशिक्षित हातांकडे काम सोपवणे हा गरिबांवरचा दुसरा अन्याय ठरेल. साधने, प्रशिक्षण आणि कायम पगारी माणसे एकत्रच आली पाहिजेत. शांतताही हवी. २०२० ते २०२२ च्या युद्धात तिग्राय प्रांतातील बहुसंख्य दवाखाने लुटले वा मोडले गेले. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीने कोठे जावे?

हा प्रश्न दूरच्या देशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी आहे, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, हे चित्र महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात एवढे तरी विचारावे: मध्यरात्री अडलेल्या बाईला येथे सिझेरियन मिळते काय? वाहन, रक्त व भूलतज्ज्ञ हजर असतात काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तेथून आंदोलनाला प्रारंभ व्हावा. बाळंतिणीला दया नको आहे; वेळेवर उघडणारे शस्त्रक्रियागृहाचे दार तिला हवे आहे, आणि तो तिचा हक्क आहे.