आभाळालाही झोनबंदी
(भंडारा जिल्हा मेळाव्यातील भाषण)



१९७२ साली कापूस एकाधिकार आला आणि आपल्या कापसाला राज्याची सीमा बंद झाली. पलीकडे भाव चढा असला तरी गाडी नाक्यावर अडायची. आज आभाळातल्या नाक्याबद्दल बोलतो.

१९४४ साली शिकागोत देशोदेशीच्या सरकारांनी ठरवले, ज्याची जमीन त्याचे आभाळ. म्हणजे सरकारचे, सातबाऱ्यावाल्याचे नव्हे! विमान नुसते वरून गेले तरी सरकारी प्राधिकरण भाडे घेते. खाली उतरून माल भरायचा, तर त्याची परवानगी वेगळी.

मालवाहू विमानांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतात मोकळीक होती. नागपूर देशाच्या मध्यावर, मालाचे मोठे केंद्र होईल, असे सांगून मिहान आले. खापरी, शिवणगावच्या जमिनी गेल्या. आणि २०२० साली दिल्लीने नियम काढला: वेळापत्रकाबाहेरची परदेशी मालवाहू विमाने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद या सहाच ठिकाणी उतरतील. नागपूर वगळले. कारण काय, तर देशी विमान कंपन्यांना संरक्षण. कंपनीला संरक्षण आणि शेतकऱ्याला बंदी, हे आपल्याला नवे नाही.

कोणी म्हणेल, आमची ज्वारी काय विमानाने जाते? नाही जात. कापसाच्या गाठीही जहाजानेच जातात. पण कोरडवाहूच्या फेऱ्यातून सुटायला ज्याने भाजी, फुले लावली, त्याने सातशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला माल न्यायचा, तो ट्रकमध्येच सुकणार.

उद्या विमानतळासाठी जमीन मागायला साहेब आले, तर मोबदल्याआधी विचारा: इथे कोणाकोणाचे विमान उतरू शकते, तो कागद दाखवा.