आपल्या धर्मग्रामातील गायक-वादक व आपले कर्तव्य

(शतकमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



शतकमहोत्सव म्हटला म्हणजे मागे वळून पाहणे ओघानेच आले. या मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदीचा खर्च कोणी सोसला, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, हे सर्व आमच्या दप्तरात व्यवस्थित नोंदलेले आहे. परंतु या शंभर वर्षांत आपल्या लग्नांत कोणी गायिले, आपल्या मृतांस दफनभूमीपर्यंत कोणाच्या वाद्याने पोचविले, सणाच्या मिरवणुकीपुढे कोण वाजवीत चालले, हे पाहू गेले असता दप्तर मुके आहे. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या वह्यांत त्या माणसांची नावे आहेत. पण ती कोणाचा पुत्र, कोणाची पत्नी म्हणून. त्यांच्या कलेचा तेथे एका शब्दानेही उल्लेख नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही आपल्याच वाड्यांतील चार वृद्ध कलावंतांच्या ओटीवर जाऊन बसलो व त्यांस बोलते केले. त्यांची नावे दप्तरात घालण्याचे काम स्वतंत्रपणे चालू आहे. आज त्यांचे म्हणणे तेवढे आपणांपुढे ठेवितो.

पहिले गृहस्थ घुमटवादक. शेती हा त्यांचा धंदा व घुमट हा वडिलांकडून आलेला वारसा. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंस तोंड असलेले भाजल्या मातीचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवितात. लहान तोंड उघडेच ठेवून त्यावर तळव्याने उघडझाप करितात व तेणेकरून नाद खोल अथवा मोकळा होतो. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या शिकारीस बंदी झाली, आणि मुक्या प्राण्यास अभय मिळाले हे योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे वापरितात. गोवा सरकारने तर 2019 साली घुमटास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला आहे.

आम्ही विचारिले, "बाबा, नव्या कातड्याने अडचण होते काय?" ते म्हणाले, "फादर, कातडं पावसात सैल पडतं, मग त्याला ऊन दाखवायचं, नाहीतर निखाऱ्यावर जरा धरायचं. ते जमतं. जमत नाही ते मडकं. कुंभार म्हणतो, वर्षाला दोन घुमटं घेणारा तू एकटा. तुझ्या दोन मडक्यांसाठी भट्टी लावू कशी?" या साध्या बोलण्यात सर्व मर्म आले. वादकाचा हात शाबूत असला तरी कुंभाराची भट्टी पेटती राहिली पाहिजे, आणि ती पेटती राहण्यास दारात घुमट बोलाविणारी घरे असली पाहिजेत. कला एकट्या कलावंताच्या बळावर जगत नाही.

दुसऱ्या आमच्या एक आजी. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणावयास बायका वाजतगाजत निघत, तेव्हा पुढे होऊन गाणे उचलण्याचा मान कित्येक वर्षे त्यांचा होता. आम्ही वही उघडून म्हटले, "आजी, एक गाणे सांगा, लिहून घेतो." त्या हसल्या. "असं सांगून येत नाही हो फादर. बाया पाण्याला निघाल्या, कोणी मागून सूर धरला, की तोंडाला येतं." तेव्हा आम्ही शेजारच्या दोघीजणींस बोलाविले. एकीने सूर धरिला, आणि मग आजी दोन तास थांबल्या नाहीत. नवरीच्या आईचे दुःख, विहिणीची थट्टा, पवित्र मरियेची आळवणी, खाडीवरचा वारा, सर्व काही त्या गाण्यांत होते. आणि ज्या घरचे लग्न त्या घरची नावे त्यात ऐन वेळी ओवली जात. इतकी गाणी कोणी लिहून का घेतली नाहीत, असे विचारिता त्या म्हणाल्या, "कोणी विचारलंच नाही."

बंधूंनो, या गाण्यांचा इतिहास सुखाचा नाही, हेही धर्मगुरू या नात्याने सांगणे आम्हांस प्राप्त आहे. गोव्यातील इन्क्विझिशनने 1736 साली काढलेल्या आज्ञापत्रात ख्रिस्ती घरांतील लग्नाच्या अनेक देशी चालींस, आणि लग्नात गायिल्या जाणाऱ्या देशी गाण्यांसही, बंदी घातली होती. तरीही ओवी बायकांच्या मुखी राहिली. फादर स्टीफन्स यांनी तर त्यापूर्वीच, 1616 साली, ख्रिस्तपुराण हा आपला मराठी ग्रंथ याच ओवीछंदात रचून प्रसिद्ध केला होता. त्या काळच्या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज कोठे उपलब्ध नाही. पुढे 1907 साली मंगळुरास तो पुनः छापिला गेला तो भाविकांनी हाताने उतरून जतन केलेल्या प्रतींवरून. बंदी व विस्मृती या दोहोंतून जे वाचले ते सामान्य माणसांच्या मुखाने व हाताने वाचले.

मुखातले लिहून ठेवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी त्या ओव्या आज वाचावयास व ऐकावयास मिळतात. एवढ्या मोठ्या प्रदेशात जे झाले ते आपल्या सात-आठ वाड्यांत का होऊ नये?

तिसरे गृहस्थ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. त्यांच्या व्यवसायाचे गणित आपण कधी मांडले नसेल. उपवासकाळात लग्ने नाहीत, आगमनकाळात नाहीत, पावसाळ्यात तुरळक. म्हणजे वर्षातील मोजक्या महिन्यांची मिळकत. उरलेल्या दिवसांत त्यांनी गवंड्याच्या हाताखाली काम केले. दिवसभर सिमेंट कालवून फुटलेली बोटे संध्याकाळी तालमीस क्लॅरिनेटच्या चाव्यांवर नीट बसत नसत, असे त्यांनी सांगितले. मयतीचे बोलावणे मात्र ऋतू पाहून येत नाही. "एकदा सकाळी लग्नात वाजवलं आणि त्याच कपड्यांत संध्याकाळी मयतीला गेलो. लग्नाच्या घरी म्हणाले, पैसे उद्या घेऊन जा. मयतीच्या घरच्यांनी मात्र रडत रडत हातावर ठेवले." कोणाची तक्रार करावी असा त्यांचा हेतू नव्हता; ते केवळ आठवण सांगत होते. पण हे ऐकून आम्हांस फार वाईट वाटले. आता लग्नात विजेच्या यंत्रावर तयार गाणी मोठ्या आवाजात लावितात आणि बँडवाल्यांस मयतीपुरते बोलावितात. केवळ दुःखाच्या प्रसंगी ज्याची आठवण होते, त्या कलेत आपल्या मुलास कोण घालील?

वादकाचे वाद्य लक्षात राहते व माणूस विसरला जातो, याचे एक मोठे उदाहरण आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे चर्चमध्ये संगीत शिकविणाऱ्या मेस्त्रींचे पुत्र. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी व्हायोलिन वाजविले, रचना बांधल्या, आणि 1958 साली देशी राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात त्यांचे नाव आले. ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूस वाहिलेले वंदन होते. ते गाणे साऱ्या देशाने म्हटले. पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, हे किती जणांस ठाऊक होते?

चौथे आमच्या गायनमंडळातील जुने व्हायोलिनवादक. त्यांचे बालपण लॅटिन मिस्सेत गेले. शब्द कळत नसत, चाल मात्र अजून पाठ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. पुढे मराठी गीते आली, पेटी-तबला मंदिरात आला. "आधी वाटलं, आता माझं व्हायोलिन बाहेर," ते म्हणाले, "पण पेटीवाल्यानं मला जवळ बसवून घेतलं. त्याचे सूर मी शिकलो, माझे तो शिकला." धर्मग्रामाचे ऐक्य याहून वेगळे ते काय?

पवित्र शास्त्रात इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आपण क्वचितच वाचतो, कारण त्यात नावांखेरीज फारसे काही नाही. पण ती नावे कोणाची? आसाफ, हेमान, यदूथून व त्यांचे पुत्र, म्हणजे दाविदाने प्रभूच्या मंदिरात गाण्या-वाजविण्यास नेमिलेली माणसे. त्यांची संख्याही शास्त्राने दिली आहे : 288. पवित्र आत्म्यास जी नोंद लहान वाटली नाही, ती आपणांस तशी वाटू नये.

म्हणून या महोत्सवी वर्षी आमच्या आपणांजवळ तीन मागण्या आहेत. प्रत्येक वाड्याने आपल्या हयात व दिवंगत गायक-वादकांची नावे, त्यांच्या वाद्यासह, ख्रिस्तजयंतीपूर्वी आमच्याकडे आणून द्यावी. ज्या घरी त्यांस बोलावणे होईल, त्या घराने त्यांचा मोबदला त्याच दिवशी हातावर ठेवावा व पाहुण्यांच्याच पंक्तीस बसवून त्यांस जेवू घालावे. आणि तरुणांनी, ज्यांच्या खिशात आज आवाज टिपून घेण्याचे साधन आहे, त्यांनी दर रविवारी मिस्सेनंतर एका वृद्धाजवळ तासभर बसावे. आजींस एकटीने गाता येत नाही; मागून सूर धरणारे कोणी पाहिजे. ते आपण व्हावे.

सर्व सुस्वरांचा दाता परमेश्वर आपणांस व आपल्या कुटुंबांस आशीर्वाद देवो.