दिवाबत्तीचा हिशेब



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, पगारपत्रके आणि निवाडे वाचता वाचता झाले. तेव्हा आज आम्ही पगारपत्रकाच्याच भाषेत बोलणार आहोत. विषय आहे घरातील चुलीचा आणि दिव्याचा.

महागाईची ओरड झाली की आम्हांला एक म्हण ऐकविली जाते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हण खोटी नाही. परंतु अंथरूणच दर वर्षी आखूड होत असेल, तर माणसाने पाय किती आखडावेत, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. भाजी महाग झाली तर गृहिणी एक वेळ डाळीवर भागविते. लुगडे पुढच्या दिवाळीवर ढकलता येते. पण गॅस संपला की चूल बंद, आणि बिल थकले की दिवा बंद. हा खर्च पुढे ढकलता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या कशाला तरी गिळतो. बहुधा पोरांच्या दुधाला, नाहीतर म्हाताऱ्यांच्या औषधाला.

आता काटकसरीचे बोलू, कारण तिचीही आम्हांला लाज नाही. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवावे. जुना पंखा सुमारे 75 वॅटचा असतो. तो रोज बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिटे खातो. नव्या तऱ्हेचा 30 वॅटचा पंखा त्याच कामाला 11 युनिटांहून कमी घेतो. म्हणजे सुमारे 16 युनिटे वाचली.

या 16 युनिटांची किंमत कोणत्या टप्प्यावर ठरते, ते पाहा. 2024-25 च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांस 4 रुपये 71 पैसे ऊर्जा आकार होता, आणि 101 ते 300 पर्यंत 10 रुपये 29 पैसे. ज्याचा वापर 130 युनिटे आहे, त्याची बचत या महाग टप्प्यातून होते. नुसत्या ऊर्जा आकाराचेच सुमारे 165 रुपये वाचतात. त्यावरील वहन आकार आणि वीज शुल्क वेगळे.

पण इथेच मेख आहे. असा पंखा घ्यायला पदरी एकरकमी दोन-तीन हजार रुपये लागतात. ज्याच्याकडे ते असतात, त्याची बचत होते. ज्याच्याकडे नसतात, तो दर महिन्याला जास्त भरतो. गरिबाची काटकसर अशी भांडवलावाचून अडते. म्हणून आमची सूचना अशी, की कामगारांच्या पतपेढ्यांनी असे पंखे एकगठ्ठा विकत घ्यावेत आणि वाचलेल्या बिलातून हप्ते फेडून घ्यावेत.

दुसरी गोष्ट पगाराची. महागाई मोजण्याचे माप म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. 2020 साली 2016 हे पायाभूत वर्ष धरून औद्योगिक कामगारांसाठी नवी मालिका सुरू झाली. तीत इंधन व दिवाबत्तीचा भार शंभरांत 6.43 वरून 5.50 वर आला. इंधन स्वस्त झाले म्हणून हे घडले, असे समजू नका. शाळा, दवाखाना, प्रवास यांवरचा खर्च फुगला, म्हणून इतरांचा वाटा आकसला. परिणाम असा, की इंधन दहा टक्क्यांनी महागले तर निर्देशांक जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलतो. ही सरासरी झाली. ज्याचा पगार लहान, त्याच्या घरी चुलीचा वाटा या सरासरीहून मोठा असतो.

आणि हा भत्ता तरी किती जणांना मिळतो? मुंबईच्या गिरणी कामगारांनी मार्च 1940 मध्ये महागाई भत्त्यासाठी सुमारे चाळीस दिवस संप केला. तो भत्ता कोणी दयेपोटी दिलेला नाही. पुढे मुंबईच्या निर्देशांकाबद्दलच कामगारांनी शंका घेतली, तेव्हा 1963 साली राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि आकडा दुरुस्त झाला. मापावर नजर ठेवणे हेही लढ्याचेच काम आहे. आज कंत्राटी कामगाराला किमान वेतनाबरोबर विशेष भत्ता देय असतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो, हे खुद्द त्यालाच पुष्कळदा ठाऊक नसते. ज्याला हे ठाऊक नाही, तो मागणार काय?

तिसरी गोष्ट नागरिकांची. 2003 च्या वीज कायद्याने दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे नियामक आयोगावर बंधनकारक केले आहे. या सुनावण्यांना कारखानदारांचे जाणकार आकड्यांची बाडे घेऊन येतात. घर चालविणारी बाई तिथे क्वचितच दिसते. वास्तविक चुलीचा हिशेब तिच्याइतका कोणाला येतो? मुंबईत 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. हाती लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, आणि तेल-साखरेचा प्रश्न स्वयंपाकघरातून सरकारच्या दारात गेला. आज लाटण्याबरोबर वीजबिलही हाती घ्यावे लागेल.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक वाडीत आणि चाळीत महिन्यातून एक संध्याकाळ बिले वाचण्यासाठी ठेवा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, शुल्क ही एकेक ओळ एकमेकांना समजावून सांगा. मीटरचे वाचन किती दिवसांचे आहे ते पाहा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पुढच्या सुनावणीला हरकत एकट्याच्या नावाने धाडू नका. साऱ्या चाळीच्या सह्यांनी धाडा.

काटकसर घरात करावी, हिशेब चाळीत करावा आणि मागणी चारचौघांत करावी. यांतले पहिले तर आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. उरलेली दोन कामे आपली सर्वांची आहेत.