अम्माऊस नेमकं कुठलं?



येशूला वधस्तंभावर दिल्याचा तो तिसरा दिवस. दोघे जण यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघाले होते. एकाचं नाव क्लयपा; दुसऱ्याचं शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं सांगितलेलं नाही. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला आला आणि कसलं बोलणं चाललंय म्हणून विचारू लागला. दोघांचे चेहरे उतरले. इस्राएलची सुटका येशूच्या हातून होईल ही आशा होती, ती संपली. बायका म्हणतात कबर रिकामी आहे, पण त्याला पाहिलंय कुणी? ही सगळी कैफियत ते ऐकवत होते ती येशूलाच! त्यानं शास्त्र उलगडून सांगितलं, तरी ओळख पटली नाही. गाव आलं तेव्हा तो पुढे जाऊ लागला. दिवस कललाय, राहा, असा दोघांनी आग्रह धरला. जेवायला बसल्यावर पाहुण्यानंच भाकर मोडून दिली, तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं. आणि तो दिसेनासा झाला.

मला तो आग्रह फार महत्त्वाचा वाटतो. शंका फिटलेली नव्हती, दुःख तसंच होतं, तरी वाटसरूला त्यांनी उपाशी जाऊ दिलं नाही.

हे गाव मात्र आजही वादात आहे. लूकच्या बहुतेक हस्तलिखितांत अंतर 60 स्टेडिया, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात 160. इतिहासकार युसेबियसनं त्याच शतकात निकोपोलिस, म्हणजे लात्रूनजवळचं इम्वास, हेच अम्माऊस मानलं. क्रूसेडर लोकांनी बाराव्या शतकात अबू घोषला अम्माऊस मानून तिथे चर्च बांधलं, ते अजून उभं आहे. फ्रान्सिस्कन संन्यासी कुबैबेला अम्माऊस मानतात आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी तिथे मिस्सा करतात. इम्वासची गोष्ट वेगळीच. 1967च्या युद्धात इस्रायली सैन्यानं तिथल्या पॅलेस्टिनी गावकऱ्यांना घालवून गाव जमीनदोस्त केलं. आज तिथे कॅनडा पार्क आहे आणि शेजारी बायझंटाईन चर्चचे अवशेष.

माझ्या मते नाव इम्वासचं जुळतं, अंतर कुबैबेचं. कारण ते दोघे त्याच रात्री यरुशलेमला परतले, आणि इम्वासला जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात.

लूकच्या 24व्या अध्यायात 13 ते 35 ही वचनं पाहा. कुणाच्या घरी दुखवट्याला जायचं असेल तर निघण्यापूर्वी वाचा. त्या पाहुण्यानं आधी विचारलं, ऐकून घेतलं, आणि मग तोंड उघडलं.